आकृती साक्ष देत नाही

आमच्या शेजारची एक मुलगी नववीत आहे. एका रविवारी संध्याकाळी ती भूमितीची वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, या उदाहरणावर बरोबरची खूण आहे, पण मला काही ते पटत नाही. तुम्ही बघता का जरा?"

उदाहरण तसे साधेच होते. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही कागद, पेन्सिल आणि पट्टी घ्या, म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल. अब आणि कड हे दोन रेषाखंड काढा. ते एकमेकांना म या बिंदूत छेदतात आणि तेथे दोघांचेही दोन सारखे भाग होतात. म्हणजे अम = मब आणि कम = मड. आता अ आणि क जोडा, ब आणि ड जोडा. सिद्ध करायचे ते असे, की अक आणि बड समांतर आहेत.

वहीतली सिद्धता दोन ओळींची होती. पहिली ओळ : कोन मअक = कोन मबड, आणि पुढे कंसात कारण दिले होते, 'व्युत्क्रम कोन'. दुसरी ओळ : म्हणून अक आणि बड समांतर.

मी विचारले, "व्युत्क्रम कोन समान कशावरून?"

"रेषा समांतर आहेत म्हणून."

"आणि रेषा समांतर कशावरून?"

"व्युत्क्रम कोन समान आहेत म्हणून." एवढे बोलून ती स्वतःच हसली. "हे तर गोल गोल फिरतंय, काका!" मग आकृतीवर बोट ठेवून म्हणाली, "पण दिसतंय की समांतर!"

हे 'दिसतंय की' मी कॉलेजात रोज ऐकतो. अकरावीत भौतिकशास्त्राला येणाऱ्या मुलांना प्रमेये ठाऊक असतात, सूत्रे पाठ असतात. 'कशावरून?' असे विचारले की मात्र बोट आकृतीकडे जाते. आज मला सांगायचे आहे ते एवढेच : आकृती ही विचाराला मदत करते, ती साक्ष देत नाही. भूमितीत उजवीकडच्या कंसात लिहायचे कारण हाच विषयाचा गाभा आहे. तो कंस आपण सैल सोडला, तर त्याची किंमत पुढे विज्ञानात मोजावी लागते.

वारली माणसाचे खांदे

आधी त्या मुलीचे उदाहरण पुरे करू. त्रिकोण अमक आणि त्रिकोण बमड पाहा. अम = बम आणि कम = डम, हे पक्षात दिलेले आहे. कोन अमक = कोन बमड, कारण ते विरुद्ध कोन आहेत. म्हणून बाकोबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. एकरूप त्रिकोणांचे संगत कोन समान, म्हणून कोन मअक = कोन मबड. हे कोन अब या छेदिकेने केलेले व्युत्क्रम कोन आहेत. म्हणून व्युत्क्रम कोन कसोटीने अक आणि बड समांतर. दोन ओळींच्या जागी पाच ओळी झाल्या. पण आता प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर उभी आहे.

ती मुलगी आकृती न्याहाळत म्हणाली, "हा तर वारली चित्रातला माणूस!" खरेच की! आमच्या पालघर जिल्ह्यात ही चित्रे घरांच्या भिंतींवर दिसतात आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी ती जगभर पोचवली आहेत. त्यांतल्या माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वर खांद्यांची रेघ, खाली कमरेची रेघ आणि मध्ये म हा बिंदू.

मी विचारले, "मग वारली माणसाचे खांदे आणि कंबर नेहमीच समांतर असतात का?" तिने क्षणभर विचार केला. तारपा नाचातला माणूस तर वाकलेला असतो, एका अंगाला झुकलेला असतो. त्याच्या वरच्या त्रिकोणाच्या बाजू खालच्या त्रिकोणात सरळ रेषेत उतरतीलच असे नाही. त्या सरळ रेषेत नसतील तर विरुद्ध कोनांचे प्रमेय लावताच येत नाही. आणि रेषा सरळ असल्या, पण म हा मध्यबिंदू नसला, तर त्रिकोण एकरूप ठरत नाहीत. चित्रकार त्याला हवे तसे काढील. आपण मात्र पक्षात जेवढे दिले आहे तेवढ्यावरच बोलू शकतो. दोन आकृत्या डोळ्यांना अगदी सारख्या दिसतील आणि तरी एकीत विधान सिद्ध होईल, दुसरीत होणार नाही. फरक चित्रात नाही, दिलेल्या माहितीत आहे.

विरुद्ध कोन समान असतात हे तरी कशावरून? दोन रेषा छेदल्या की चार कोन होतात. शेजारच्या दोन कोनांची बेरीज १८० अंश, कारण ते रेषीय जोडीतील कोन आहेत. पहिला व दुसरा मिळून १८०, दुसरा व तिसरा मिळूनही १८०. दोहोंतून दुसरा कोन वजा करा. पहिला व तिसरा समान उरतात. येथे कोनमापक लागला नाही. शंभर आकृत्या काढून मोजल्या असत्या तर कधी अर्धा अंश इकडे, कधी अर्धा तिकडे आला असता, आणि एकशे एकाव्या आकृतीविषयी काहीच सांगता आले नसते. तीन ओळींच्या सिद्धतेने मात्र आजवर काढलेल्या आणि यापुढे काढल्या जाणाऱ्या सर्व आकृत्यांविषयी एकदम सांगितले.

गुणधर्म वेगळा, कसोटी वेगळी

त्या मुलीची चूक कुठे झाली होती? तिने गुणधर्म आणि कसोटी यांची गल्लत केली. 'रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान असतात' हा गुणधर्म. 'व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर असतात' ही कसोटी. शब्द तेच, पण 'तर'च्या अलीकडचे पलीकडे गेले. यालाच व्यत्यास म्हणतात. गुणधर्म वापरायचा तर रेषा समांतर असल्याचे आधी हाती हवे. कसोटी वापरायची ती समांतरपणा मिळवण्यासाठी.

व्यत्यास दरवेळी खरा असतोच असे नाही. मी मनोरचा. मनोरला राहणारा प्रत्येक जण पालघर तालुक्यात राहतो, हे खरे. पण पालघर तालुक्यात राहणारा प्रत्येक जण मनोरला राहतो असे म्हटले, तर बोईसर आणि तारापूरची माणसे हसतील! भूमितीतही तसेच. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना लंब असतात. पण ज्याचे कर्ण लंब तो चौकोन समभुज असेलच असे नाही, पतंगाचा आकार आठवा. एकरूप त्रिकोणांचे संगत कोन समान असतात. पण कोन समान असलेले दोन त्रिकोण एक लहान, एक मोठा असू शकतात.

व्युत्क्रम कोनांच्या बाबतीत विधान आणि व्यत्यास दोन्ही खरी निघतात, म्हणूनच आपण बेसावध राहतो. पण ती दोन्ही खरी आहेत हे दोन वेळा, वेगवेगळे सिद्ध करावे लागते. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळातील युक्लिडने ते तसेच केले आहे. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात सत्ताविसावे प्रमेय ही कसोटी आहे, तर एकोणतिसावे हा गुणधर्म. शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. सत्ताविसाव्यासाठी युक्लिडला समांतर रेषांसंबंधीचे आपले प्रसिद्ध पाचवे गृहीतक लागले नाही. एकोणतिसाव्यापाशी मात्र ते त्याला प्रथमच वापरावे लागले. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते हे बत्तिसावे प्रमेय त्याच एकोणतिसाव्यावर उभे आहे. म्हणजे ज्या दोन विधानांना आपली मुले एकच समजतात, त्यांचा पाया देखील एक नाही.

अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने हा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. 'रेखागणित' हे त्याचे नाव. ग्रीकमधून अरबीत, अरबीतून संस्कृतात येताना लिपी बदलली, बिंदूंची अक्षरे बदलली, आकृत्या पुनःपुन्हा नव्याने काढल्या गेल्या. टिकून राहिली ती कारणांची साखळी.

मनोरचा महामार्ग आणि चंद्र

'पण सर, एवढा काथ्याकूट कशाला? समांतर दिसते ते समांतर असतेच ना बहुधा?' असे कुणी म्हणेल. त्याला मी रात्री आमच्या महामार्गावर नेईन.

मुंबई–अहमदाबाद महामार्ग मनोरवरून जातो. रात्री गाडीचे दिवे पुढच्या ट्रकच्या मागील लाल रिफ्लेक्टरवर पडले, की तो निखाऱ्यासारखा पेटतो. त्यात दिवा नाही, बॅटरी नाही. साधा आरसा असता तर आपला प्रकाश भलत्याच दिशेला गेला असता. हा मात्र जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरचेही तेच. हे कसे घडते?

दोन सपाट आरसे अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे काटकोनात उभे करा. ते मिळतात त्या बिंदूला म म्हणू. एक किरण पहिल्या आरशावर प बिंदूत येऊन पडला आणि आरशाशी त्याने क्ष अंशांचा कोन केला. परावर्तित किरण आरशाच्या दुसऱ्या अंगाने तेवढाच कोन करून निघतो. (पुस्तकात हे कोन स्तंभिकेशी मोजतात, ते समान असले की त्यांचे कोटिकोनही समान.) तो दुसऱ्या आरशावर फ बिंदूत पोचला. मपफ या त्रिकोणात म पाशी काटकोन, प पाशी क्ष. म्हणून फ पाशी ९० − क्ष. दुसऱ्या आरशावरूनही किरण तेवढाच कोन करून बाहेर पडतो.

आता पफ या छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन काढा. प पाशी १८० − २क्ष. फ पाशी १८० − २(९० − क्ष), म्हणजे २क्ष. बेरीज नेमकी १८०. म्हणून आंतरकोन कसोटीने आत येणारा आणि बाहेर जाणारा किरण समांतर! येथे कसोटी लागली, गुणधर्म नव्हे. आणि पाहा, बेरजेत क्ष नाहीसाच झाला. म्हणजे किरण कोणत्याही कोनातून येवो, तो आल्या दिशेनेच परत जाणार. हे कुठल्याही एका आकृतीने सांगितले नसते.

दोन आरशांची ही युक्ती एका पातळीतल्या किरणांपुरती चालते. सर्व दिशांसाठी खोलीच्या कोपऱ्यासारखे तीन परस्परलंब पृष्ठभाग लागतात. लाल रिफ्लेक्टरच्या प्लास्टिकमध्ये मागच्या बाजूने असे चिमुकले कोपरे असंख्य असतात.

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी अशाच १०० काचकोपऱ्यांची एक पेटी चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून लेसर किरण पाठवायचा, परत येण्यास लागलेला वेळ मोजायचा आणि चंद्राचे अंतर काढायचे. अशा मोजणीवरूनच चंद्र आपल्यापासून दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात असल्याचे कळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही आठ कोपऱ्यांचे असे एक छोटे उपकरण आहे. त्याच वर्षी १२ डिसेंबरला चंद्राभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने त्यावर लेसर टाकून परत आलेला प्रकाश टिपला.

आता समजा, हा कोपरा बनवणाऱ्याने म्हटले, 'काटकोन दिसतोय की!' आणि प्रत्यक्षात तो कोन ८९ अंशांचा होता. ८९ आणि ९० यांतला फरक तुमच्या-माझ्या डोळ्यांना कळणार नाही. पण वरचेच गणित करा : फ पाशी ९१ − क्ष, आंतरकोनांची बेरीज १७८. म्हणजे परतीचा किरण २ अंशांनी भरकटला. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. तेवढ्या अंतरावर २ अंशांची चूक सुमारे १३,४०० किलोमीटर होते. पृथ्वीचा व्यासच मुळी १२,७०० किलोमीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे तो किरण पृथ्वीला शिवणारसुद्धा नाही! 'दिसतंय की' याची ही किंमत.

उतारावरचा थीटा

एवढे दूर जायलाही नको. मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारकडे जाणाऱ्या चढावर एक ट्रक उभा आहे असे समजा. चढाचा कोन थीटा. ट्रकच्या वजनाचा रस्त्याला लंब असलेला घटक किती? अकरावीचा वर्ग एका सुरात म्हणतो, 'एमजी कॉस थीटा'. मी विचारतो, चढाचा थीटा खाली जमिनीपाशी आहे. वजनाची रेषा आणि रस्त्याची स्तंभिका यांच्यामध्ये तोच थीटा कुठून आला? वर्ग गप्प. निम्म्या वह्यांत चढ जवळजवळ ४५ अंशांचा काढलेला असतो. तेथे थीटा आणि ९० − थीटा सारखेच दिसतात, म्हणून साइन की कॉस हे आकृतीवरून कधीच ठरत नाही.

उत्तर आठवी-नववीच्या भूमितीतले आहे. वजनाची उभी रेषा जमिनीपर्यंत नेली की काटकोन त्रिकोण होतो. म्हणून ती रेषा रस्त्याशी ९० − थीटा एवढा कोन करते. स्तंभिका रस्त्याशी ९० अंशांत. उरला तो थीटा. एका ओळीचे कारण! पण ते शोधायची सवयच नसल्याने हुशार मुलेही सूत्र पाठ करतात आणि आकृती थोडी फिरवून दिली की अडखळतात. या मुलांना भौतिकशास्त्र जड जाते असे आपण म्हणतो. त्यांना जड जाते ते 'कशावरून?'

पांगुळगाडा किती दिवस?

याचा दोष कुणा एका शिक्षकाला देणे बरोबर नाही. साठ-सत्तर वह्या तपासताना शेवटची ओळ बरोबर दिसली की हात आपोआप खूण करतो. बालभारतीच्या २०१७ साली निघालेल्या नववीच्या भूमितीच्या पुस्तकात तर पहिल्याच प्रकरणात सशर्त विधाने आणि व्यत्यास यांची ओळख करून दिलेली आहे. हे चांगलेच झाले. मला खटकते ते दुसरेच.

अलीकडच्या वर्षांत पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत सिद्धता बहुधा 'कृती' म्हणून येते. सगळी सिद्धता छापलेली असते आणि मधूनमधून रिकाम्या चौकटी. मुलाने चौकटी भरायच्या. हेतू चांगला आहे. कोरा कागद पाहून घाबरणाऱ्या मुलाला पहिले पाऊल टाकता येते, हे मी नाकारत नाही. पण सिद्धतेतले सर्वांत अवघड काम म्हणजे कुठून सुरुवात करायची, कोणते दोन त्रिकोण निवडायचे, कोणती कसोटी लावायची हे ठरवणे. ते काम छापणाऱ्याने आधीच केलेले असते. मुलाकडे उरते ते गाळलेल्या जागा भरणे.

मूल चालायला लागावे म्हणून आपण त्याला पांगुळगाडा देतो. पण एक दिवस तो काढून घेतो. दहावीपर्यंत पांगुळगाडा तसाच ठेवला, तर अकरावीत मूल पळेल कसे? माझे मत असे, की नववीच्या पहिल्या सत्रात चौकटी जरूर असाव्यात, पण दहावीच्या अखेरीस निदान एक सिद्धता तरी कोऱ्या कागदावर, पक्षापासून साध्यापर्यंत, मुलाने स्वतः रचलेली असावी. आणि गुण देताना शेवटच्या ओळीपेक्षा कंसातल्या कारणांना अधिक किंमत द्यावी.

परीक्षा बदलेपर्यंत वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा फळ्यावर मुद्दाम वेडीवाकडी आकृती काढावी. समान बाजू असमान दिसाव्यात, समांतर रेषा तिरक्या दिसाव्यात. आणि पक्षात दिलेल्या माहितीवरून सिद्धता मागावी. डोळ्यांचा आधार सुटला की मुले कारणांचा आधार शोधू लागतात. गोल गोल फिरणारी सिद्धताही फळ्यावर लिहावी आणि चूक वर्गाला शोधू द्यावी.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही एवढेच करा. सिद्धता लिहून झाली की आकृती हाताने झाका आणि नुसत्या ओळी वाचा. प्रत्येक ओळीला विचारा, 'तू कशावरून?' उत्तर पक्षात, आधीच्या ओळीत किंवा सिद्ध झालेल्या प्रमेयात सापडले पाहिजे. आकृती उघडल्याशिवाय उत्तर मिळत नसेल, तर तेथे भोक आहे असे समजा. शेजारच्या त्या मुलीला 'बरोबर'ची खूण असूनही पटले नव्हते. ती अस्वस्थता मला त्या खुणेपेक्षा मोलाची वाटते.

जाता जाता एक उदाहरण देतो. आपले दोन आरसे ९० ऐवजी ६० अंशांच्या कोनात ठेवा आणि पहिल्या आरशाशी ५० अंशांचा कोन करणारा किरण आत सोडा. दोन्ही आरशांवरून परतलेला किरण आणि आत येणारा किरण एकमेकांशी किती अंशांचा कोन करतात? आधी काढून मोजा. मग ५० च्या जागी क्ष लिहून तेच उत्तर सिद्ध करा. कोनमापकाचे उत्तर अंशभर चुकले तरी हरकत नाही. कंस मात्र एकही रिकामा ठेवू नका.